निल्दाच्या लग्नाची सोपा

लोमा पिंदो,
रविवार, ९ जुलै १९९५

प्रिय होविता,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र अपारिसिओ कंडक्टरने मंगळवारी बसमधून उतरून माझ्या हातात दिलं. तू खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. थंडी यंदा अशी पडलीय की सकाळी बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो आणि कोंबड्या अंडी घालायचं विसरून गेल्यात. संत्री मात्र गोड झाली. थंडी खाल्ल्याशिवाय ती कधी गोड होत नाहीत.

तू लिहितेस, सप्टेंबरात लग्नाला येणं जमणार नाही, मालकीणबाई सुट्टी देत नाहीत. ठीक आहे. नोकरी म्हटली की हे आलंच. गेल्या नाताळात त्यांच्याकडे पाहुणे होते, ईस्टरला त्यांचे पाय सुजले होते, त्याआधीच्या नाताळात घराला रंग चालू होता. मोठ्या घरांच्या कटकटीही मोठ्याच असतात. मी काही बोलत नाही.

निल्दा मात्र बोलते. मी तुझं पत्र मोठ्याने वाचत होते आणि ती समोर बसून मंदिओकाचे कंद सोलत होती.

"पुढे वाच ना, मोठी आई."

"पुढे काही नाही. पुढे मालकीणबाई आहेत."

"मग मी तेओफिलोला सांगते, थांब म्हणून."

"थांब म्हणजे काय?"

"आई येईल तेव्हा लग्न. नाही आली तर नाही."

"अगं बये, पाद्रीबाबांना तारीख देऊन बसलोय आपण!"

"पाद्रीबाबांना कुठे लग्न करायचंय? मला करायचंय."

तुझीच पोर. तू बोलायचीस तेव्हा निदान खाली बघून बोलायचीस, ही डोळ्याला डोळा भिडवून बोलते. तेओफिलो बिचारा गरीब गाय आहे. तो म्हणाला, "थांबू की." त्याची आई मात्र थांबणाऱ्यांतली नाही. तिने डुक्कर पोसायला घेतलंय, आणि सप्टेंबरानंतर त्याला खाऊ घालायची तिची तयारी नाही.

निल्दाचा हट्ट अगदीच पोरकट आहे असंही नाही. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. पोरीच्या लग्नाला ती मक्याची, चीज घातलेली जाडजूड पावरोटी, आपली सोपा, भाजायची तर चरबी फेसायला तिच्या आईचाच हात लागतो. बाकीचं कुणीही करावं. मक्याचं पीठ कुणी चाळावं, चीज कुणी कुस्करावं, भट्टी कुणी पेटवावी. पण चरबी पांढरी होईपर्यंत फेसायची ती आईने, एकटीने, एका बैठकीत. ती म्हणते, "मला सोपा नको, मला आईने फेसलेली सोपा पाहिजे." मी म्हटलं, आई नसेल तर आजीचा हात चालतो. तर म्हणाली, "आई नसेल तर चालतो. मला आहे."

मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "तिला आपली लाज वाटते, मोठी आई. तिकडे ब्यूनोस आयरेसला ती शहरातली झाली." मी तिला गप्प केलं. म्हटलं, मंदिओका सोल.

बाकी बातम्या म्हणशील तर अंगणातल्या भट्टीला तडा गेला होता. चिखलात चिरलेलं गवत मिसळून मी ती लिंपून घेतली. विहिरीपाशी पाय घसरून मी उजव्या हातावर पडले. मनगट जरासं दुखतं. निल्दाला वाटतं फार दुखतं, तिला वाटू दे. माझ्या लिनोच्या क्रुसाला पांढरा रंग दिला आणि त्याच्यावरचं कापडही बदललं. तुझ्या पाठीमागे हे सगळं नीट चाललंय, त्याची काळजी करू नकोस.

अपारिसिओबरोबर चीजचे दोन गोळे पाठवतेय. दोन्ही तुझेच. एकटीला जास्त होतील असं वाटलं तर वाटू दे, पण परत पाठवू नकोस. मागचं पार्सल तुला पोचलं का, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, पोचलं, आणि ओझं उचलायला तिला काही त्रास झाला नाही. कसा झाला नाही, म्हटलं, पोतं तर माझ्यानेही हलत नव्हतं. तेव्हा तो खोकला आणि 'न्या' लावून एकदम अदबीने म्हणाला, "न्या बाल्बिना, गार तेरेरे मिळेल का थोडं?" या थंडीत. दात वाजत असताना जो माणूस गार प्यायला मागतो त्याच्या पोटात काहीतरी असतं. मी त्याला गरम माते पाजलं आणि जाऊ दिलं.

तब्येतीला जप. मालकीणबाईंचे पाय आता कसे आहेत ते कळव.

आशीर्वाद,
बाल्बिना

&nbsp;

लोमा पिंदो,
रविवार, २० ऑगस्ट १९९५

प्रिय होविता,

आशीर्वाद. तुझं दुसरं पत्रही मिळालं. तू लिहितेस, "न्या बाल्बिना, चरबी तुम्हीच फेसा. तुमच्या हातासारखा हात अख्ख्या गावात नाही. निल्दाची समजूत काढा." लोणी लावायला तू तिकडे जाऊन शिकलीस वाटतं. इथे होतीस तेव्हा येत नव्हतं.

आधी त्या हाताचीच गोष्ट सांगते.

गेल्या रविवारी तेओफिलोचे आईवडील रीतीप्रमाणे जेवायला आले. म्हणजे सोपा आलीच. सोपा नसली तर ते घरी जाऊन म्हणाले असते, म्हातारीने कोरडंच बोलवलं. सकाळी उठून मी कांदा चिरून जाड्या मिठाच्या पाण्यात उकडला आणि गार करायला ठेवला. (गार करायला ठेवला, होविता. तू नवी नवरी होतीस तेव्हा तसाच कढत ओतला होतास, आणि अंडी जागच्या जागी शिजली होती. लिनोने तरी ताटभर खाल्ली. वर म्हणाला, छान झालीय.) निल्दा अंगणात भट्टीपाशी होती. लाकडं पेटवून तिने भट्टी तापवायला घेतली होती, आणि तापत्या भट्टीला सोडून हलता येत नाही हे तू जाणतेस. मी आत एकटी. मांडीवर परात, परातीत डुकराची चरबी. बसले फेसायला.

पहिला थोडा वेळ बरा गेला. मग मनगटातून कळ निघाली ती थेट खांद्यापर्यंत. चरबी अजून पिवळीच होती. मी थांबले. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा बोटंच मिटेनात. आणि तुला तर माहीत आहे, मधेच थांबायचं नाही, फिरवायची बाजू बदलायची नाही, आणि एकदा एक हात लागला की दुसरा लावायचा नाही. दुसरा हात लागला की चरबी फाटते, मग त्यात अंडी घाला की जीव घाला, सोपा दगडासारखी बसते. हे मला माझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने, आणि मी चाळीस वर्षं साऱ्या गावाला सांगत आले. कुणाच्या घरी कार्य असलं की मला बोलावतात ते याच्यासाठीच.

मी परात धरून बसले आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात तेओफिलो लाकडांची मोळी घेऊन दारात.

"न्या बाल्बिना, रडताय?"

"कांद्याने."

"कांदा तर तिकडे झाकून ठेवलाय."

"तुला काय करायचंय? बाहेर हो आधी. चरबी फेसताना पुरुषमाणूस आत येत नाही."

तो बाहेर झाला नाही. मोळी खाली ठेवली आणि माझं मनगट बघितलं. ते सुजून चांगलं टम्म झालं होतं.

"द्या इकडे," म्हणाला.

"हात बदलला की फाटते."

"नाही बदलला तर तुमचं मनगट फाटेल. जेवायला येणारे माझेच आईबाप आहेत ना? बिघडली तर मी सांगेन, मी बिघडवली. मला शिव्यांची सवय आहे."

मी त्याला गरीब गाय म्हटलं होतं, ते शब्द मागे घेते. कोपरापर्यंत साबण लावून त्याने हात धुतले, नखं दाखवली, बाही गुंडाळली आणि परातीत हात घातला. डावा!

"अरे उजवा! उजवा घाल!"

"मी डावखुरा आहे."

"मग निदान या बाजूने फिरव."

"डाव्या हाताला ती बाजू उलटी पडते."

दुसरा हात, पुरुषाचा हात, डावा हात आणि वर उलटी बाजू. मी डोळे मिटले आणि काआकुपेच्या मातेला म्हटलं, आज पाहुण्यांसमोर माझी लाज राख, पुढच्या डिसेंबरात पायी येते. डोळे मिटून बसले आणि नुसता आवाज ऐकत राहिले. पहिल्यांदा चरबीचा आवाज कसा चिकट असतो, मग सैल होतो, मग कापसावर थापट्या माराव्यात तसा होतो. तो आवाज आला, होविता. मी डोळे उघडले तर परात पांढरीशुभ्र. त्याने कपाळाचा घाम दंडाला पुसला आणि विचारलं, "अंडी एकेक घालायची की सगळी?" मी म्हटलं, एकेक.

सोपा फुगली. वरून सोनेरी झाली, कडा कुरकुरीत, आत ओलसर, आणि सुरी घातली तर स्वच्छ बाहेर आली. तेओफिलोच्या आईने तीन तुकडे खाल्ले. तोमासा शेजारीण तर बोलावलं नसताना आली होती, तिने चार खाल्ले, आणि बोटं चाटत म्हणाली, "साठी उलटली तरी बाल्बिनाचा हात तो हातच!" तेओफिलोला जोराचा ठसका लागला. निल्दा पाठीत थापट्या मारत राहिली, तिला काही कळलं नाही. मी माझा तुकडा घेऊन कोपऱ्यात बसले आणि त्यात खोट शोधली. अगदी मन लावून शोधली. नाही सापडली.

आता तू म्हणशील, सासूबाई सोपाची गोष्ट सांगून भलतंच काही सुचवतायत. तर सुचवत वगैरे नाहीये. सरळ लिहिते.

सिक्स्तो. नाव मला ठाऊक आहे. गेल्या नाताळापासून ठाऊक आहे. अपारिसिओच्या पोटात कुठलीच गोष्ट जास्त वेळ राहत नाही. गवंडीकाम करतो, मूळचा एनकार्नासिओनकडचा, एका कानाने जरा कमी ऐकतो, आणि तुझ्याबरोबर पार्सल घ्यायला येतो. पोतं त्यानेच उचललं. पोत्यावर माझं नाव वाचून टोपी काढली म्हणे. मी मनात म्हटलं, टोपी काढणारा माणूस एकतर चांगला असतो नाहीतर महा चलाख. चलाख असता तर पोतं अपारिसिओकडून उचलून घेतलं असतं.

खोटं कशाला लिहू? ऐकलं त्या दिवशी मी लिनोच्या क्रुसापाशी जाऊन बसले आणि खूप रडले. माझा लिनो लाकडाच्या ट्रकखाली गेला तेव्हा निल्दा माझ्या कमरेएवढी होती. एवढी वर्षं मला वाटत होतं की त्याच्या नावाने रडणारी जगात आणखी एक बाई आहे. आता एकटी उरले असं वाटलं. तुझा रागही आला, अधूनमधून येतच राहिला. मग ही थंडी पडली. एका सकाळी चुलीवर पाणी ठेवताना मनात आलं, तिकडे एवढ्या मोठ्या शहरात ती दिवसभर दुसऱ्याची फरशी पुसून घरी येत असेल, आणि कुणी तिच्यासाठी पाणी तापवून ठेवत असेल, तर ठेवू दे. त्यानंतर राग काही परत आला नाही. दुःख येतं. ते यायचंच, त्याला तू काय करणार?

म्हणून चीजचे दोन गोळे होते. तू मागच्या पत्रात लिहिलंस, "एक शेजारणीला दिला." होविता, होविता.

निल्दाला वाटत होतं, तुला आमची लाज वाटते. मला माहीत होतं की तुला आमच्यासमोर लाज वाटते. या दोन लाजांच्या मधे पोरीचं लग्न अडकलं, आणि मी तिसरी, सगळं माहीत असून तोंड शिवून बसलेली. परवा मी तिला सांगून टाकलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "एवढंच? मला वाटलं आईला काही आजार झालाय आणि तुम्ही लपवताय." मग तिथेच खुर्चीवर बसून रडली. मग नाक पुसलं आणि विचारलं, "तो उंच आहे का? पाहुण्यांसाठी खाट मागून आणायची तर केवढी आणू?"

तर ऐक. मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं, आता तुमची गरज उरली नाही, सुखाने बऱ्या व्हा. लग्न तेवीस सप्टेंबरला, शनिवारी. तू ये. त्यालाही आण. तू येणार असं मी निल्दाला आणि तेओफिलोच्या आईला सांगून बसलेय, आणि ती बाई डुक्कर मारायच्या तयारीत आहे. मला खोटं पाडू नकोस.

तेओफिलोच्या हाताचं मात्र कुणाला बोलू नकोस. गावातली पोरं त्याला जन्मभर चिडवतील. आणि मला कुणी कार्याला बोलावणार नाही.

तुझी,
बाल्बिना

&nbsp;

लोमा पिंदो,
रविवार, १० सप्टेंबर १९९५

सिक्स्तो यांस,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, मीही तुम्हाला पाहिलेलं नाही. हे पत्र तुम्हाला आहे. होविताला वाचून दाखवू नका. तिला वेगळी चिठ्ठी लिहिलीय, त्यात फक्त कामाच्या गोष्टी आहेत.

तिचं पत्र काल आलं. ती येते म्हणते. निल्दाने ते तीन वेळा वाचलं आणि तेओफिलोकडे पळत गेली, पायात चपला न घालता. पण शेवटी होविताने लिहिलंय, "सिक्स्तो माझ्याबरोबर काआसापापर्यंत येतील आणि स्टँडजवळच्या खानावळीत उतरतील. लग्न झालं की तिथूनच आम्ही परत फिरू. लिनोच्या घरात पाऊल टाकणं बरं दिसणार नाही, असं ते स्वतःच म्हणतात."

असं म्हणालात हे तुम्हाला शोभलं. मी वाचलं आणि मनात म्हटलं, माणूस रीतीचा आहे. पण ऐका, आता माझं वय झालंय, मी जरा रोखठोक लिहिते.

ती खानावळ मला माहीत आहे. तिथली गादी ढेकणांनी भरलेली आहे, आणि मालकीण आमच्या तोमासा शेजारणीची मावसबहीण. तोमासाच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण मावसबहिणीच्या मानाने ती मुकी म्हणायची. एक परका माणूस तीन दिवस खाटेवर बसून आढ्याकडे बघतोय ही बातमी तुमच्या आधी लोमा पिंदोला पोचेल. लोकांचं तोंड बंद करायला तुम्ही लपणार, आणि तुम्ही लपलात म्हणूनच लोकांना तोंड फुटणार. तेव्हा त्या बाजूनेही यात काही फायदा नाही.

दुसरं, लिनोबद्दल. त्याचा फोटो बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. मी तो काढणार नाही, तुम्ही आलात म्हणूनही नाही. तुम्ही आत याल तेव्हा तो तुमच्याकडे बघून हसेल. घाबरू नका. तो सगळ्यांकडे बघून तसाच हसायचा, माझ्या बिघडलेल्या स्वयंपाकाकडे बघूनसुद्धा. तुम्ही त्याच्या जागी येताय असं मला वाटत नाही. त्याची जागा माझ्याकडे आहे, ती कुणी घेऊ शकत नाही, म्हणून ती कुणापासून राखायचीही गरज नाही. हे समजायला मला बरेच दिवस लागले. होविताला सांगायचं असेल तर एवढं एक सांगा.

शुक्रवारी सकाळी होविता चरबी फेसायला बसेल. ती रडेल. रडू द्या, आत येऊ नका. बायकांची कामं असतात तेव्हा पुरुष अंगणात मांस भाजायला बसतात, तिथे बसा. तेओफिलो तुमच्या शेजारी असेल. पोरगा चांगला आहे, कमी बोलतो, तुमच्या ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला बसवा. कुणी काही खोचक बोललं तर उत्तर देऊ नका, मांस परता. बोलणारा आपोआप खायला लागतो.

आता मुख्य गोष्ट. त्यासाठी पत्राला बसले, आणि बघा, खानावळीतल्या ढेकणांवर अर्धा कागद गेला.

लोक विचारणार, हा कोण? तुमच्यासमोर नाही विचारलं तर मला विचारणार. मी पुष्कळ विचार केला. ओळखीचा म्हणावं, तर ओळखीच्यासाठी कुणी एवढी मोठी खाट मागून आणत नाही. ब्यूनोस आयरेसचा गवंडी म्हणावं, तर लोक म्हणतील म्हातारी लग्नात भिंत बांधतेय की काय. होविताचा माणूस म्हणावं, तर तोंडातून शब्द निघतो पण त्याला बसायला जागा मिळत नाही. या घरात तो कोण, ते त्यात येत नाही.

मग काल कोंबड्यांना मका टाकताना मला सुचलं.

होविताला आई नाही. ही चालायलाही लागली नव्हती तेव्हाच आई वारली. मावशीने वाढवली, आणि एका पातळ झग्यावर आमच्याकडे धाडली. त्यानंतर मावशीनेही दार लावून घेतलं. लिनोला पुरलं त्या दिवशी बाया म्हणत होत्या, आता ही कुठे जाईल? कुठे जाणार? ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि गाय पिळायला गेली. पुढे पोटासाठी तिकडे गेली तरी सणाला इथेच यायची, आजारी पडली की इथेच पत्र लिहायची, नवीन झगा शिवला की त्याचा तुकडा मला पाठवायची. मुली आपल्या माहेरी हेच करतात. म्हणजे हे घर लिनोचं खरं, पण तितकंच ते होविताचं माहेर आहे. तिला दुसरं नाही.

आणि आमच्यात मुलगी माहेरच्या कार्याला निघाली की तिचा नवरा स्टँडवरच्या खानावळीत उतरत नाही. तसा उतरला तर अख्ख्या गावात सासरच्यांची नाचक्की होते. लोक म्हणतात, जावयाला घरात घेतलं नाही, काय घर आहे! या वयात तसली नाचक्की मला नको आहे.

तेव्हा मी गुरुवारी स्वतः स्टँडवर येते. तेओफिलोच्या बापाची गाडी सांगून ठेवलीय. हात अजून गळ्यात बांधलेला आहे, त्यामुळे तुमचं सामान उचलायला माझा काही उपयोग नाही, ते तुम्हीच उचला. मी बसच्या दाराशी उभी असेन, तोमासाही असेल, तिला मीच बरोबर आणणार आहे. होविता आधी आणि तुम्ही मागून, लोक पांगल्यावर, असं करू नका. दोघं बरोबर उतरा.

वाट पाहते.

तुमची सासू,
बाल्बिना